स्टेजवर बेस गिटार वाजवताना माती खाल्ली तर काय करायचं

नागपुरात महाल भागात एका गणेश मंडळाचा कार्यक्रम होता, गायिका ऐन वेळेवर म्हणाली "पांढरी चार", मागे ढोलवाले ढोल ताणून राहिले होते अन मला ऐकू आलं "काळी चार". कीबोर्डवाल्यानं सुरुवातीचा पीस वाजवला, मी ठेका पकडून छातीठोक एंट्री घेतली, जी शार्प, म्हणजे काळी चार. गाणं एफमधे, म्हणजे पांढरी चार. तीन फ्रेटचा फरक (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची पट्टी, एक पट्टी म्हणजे अर्धा सूर), त्यात बेस बिन, म्हणजे खालच्या सुरांचा मोठा स्पीकर, माझ्याच बाजूला. आणि मग मी ते केलं जे कधीच करायचं नाही, हात उचलला. एकदम बंद. तोपर्यंत प्रसाद खात बसलेले लोक तेव्हा वर पाहायला लागले.

म्हणजे लोकांना सूर नाही टोचला, थांबणं टोचलं. बेसची खुली ई तार 41 हर्ट्झच्या आसपास वाजते, एवढ्या खाली चुकलेला सूर गर्दीत, त्यातही मंडपाच्या साउंडमधे, पट्कन कोणाला उमगत नाही, पण पायाखालचा ठेका सरकला की ज्याला सारेगम पण येत नाही त्यालाही कळतं की काहीतरी बिघडलं. म्हणून क्रम पक्का ठेव, आधी ताल वाचवायचा, सूर नंतर.

ताल वाचवायची सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे डेड नोट. डावा हात तारांवर नुसता ठेवायचा, दाबायचा नाही, अन उजव्या हातानं तोच पॅटर्न चालू, ठक ठक ठक, सूर काहीच नाही. पण एका बोटानं नको, दोन-तीन बोटं आडवी टाक, कारण पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटवर एकच बोट हलकं टेकलं तर हार्मोनिक टिंग करून वाजतो आणि मग एकाऐवजी दोन चुका. या ठकठकीत तुला चार मात्रा मिळतात, तेवढ्यात गिटारवाल्याचा डावा हात बघ, कुठला कॉर्ड धरून राहिला ते दिसतं, म्हणून उभं राहायचं तर त्याचा हात दिसेल असंच उभं राहायचं. (आमचे काही भाऊ लाइट चांगला पडतो म्हणून जागा निवडतात, त्यांना काय सांगणार.)

चूक एकाच फ्रेटची असेल तर तर काहीच टेन्शन नाही. बोट न उचलता सरकव बरोबर फ्रेटवर, ऐकणाऱ्याला वाटतं मुद्दाम मींड घेतली. दोन फ्रेटची पण सरकवता येते, त्याच्या पुढे मात्र लांबलेली वाटते, तिथे डेड नोटच बरी. चुकीचा सूर परत वाजवला की तो मुद्दाम वाजवल्यासारखा वाटतो असं काही जण सांगतात, ब्लूजमधे चालतं बाप्पा, भावगीतात नको करू, समोर बसलेल्या आजोबांचे कान आपल्यापेक्षा तयार असतात.

कॉर्डच विसरला तर? रूट (कॉर्डचा मूळ सूर) आणि त्याचा पाचवा (पंचम), बस. पाचवा शोधायला डोकं लागत नाही, शेजारच्या बारीक तारेवर दोन फ्रेट पुढे. मेजर असो का मायनर, दोन्हीत तोच (डिमिनिश्डमधे फसतो, पण तो येतो किती वेळा). घोळ नेहमी तिसऱ्या सुरात होतो, म्हणजे गंधार शुद्ध का कोमल हे आठवत नसेल तर तिकडे जायचंच नाही. आणि रूटही आठवत नसेल तर गाण्याचा सा धरून ठोकत राहा, तानपुरा काय वेगळं करतो? चार-आठ मात्रा निभावतं, अख्खा अंतरा मात्र नाही निभत.

खरी फजिती होते ती गाण्यातली जागाच हरवली की. गायक दुसरा अंतरा खाऊन सरळ मुखड्यावर येतो अन आपण आपले अंतऱ्यातच फिरून राहिलो. अशा वेळी मागे धावायचं नाही, जे सुटलं ते सुटलं. शब्द ऐक, ड्रमरचा रोल ऐक, रोल आला म्हणजे पुढच्या समेवर काहीतरी बदलणार, तिथे कॉर्डच्या रूटवर ठाम उतर. ठेका उलटा पडला असेल तरी हेच, घाईघाईनं भरून काढायला गेलास तर ड्रमर पण गोंधळतो, त्यापेक्षा दोन मात्रा ठकठक आणि समेवर परत.

सामानाच्या चुका वेगळ्या. जॅक निघणं हा सगळ्यात मूर्ख प्रकार, वायर पट्ट्यातून एक वेढा घेऊन मग लाव, पाय पडला तरी निघत नाही. ॲक्टिव्ह बेस (ज्याच्या आत बॅटरीवरचं सर्किट असतं) असेल तर जॅक लावलेला असतो तोवर 9 व्होल्टची बॅटरी संपत राहते, प्रॅक्टिसनंतर काढत जा. डिसेंबरात वर्धा रोडच्या लॉनवर रात्री वाजवलं तर थंडीनं तार आखडते, सूर चढतो, मग स्टेजच्या लाइटखाली उतरतो, म्हणून ट्यूनिंग तिथे पोचल्यावर लगेच नाही, अर्ध्या तासानं कर. गाण्यातच ए तार उतरली तर ती सोड, ई तारेच्या पाचव्या फ्रेटवर तोच ए आहे.

याची प्रॅक्टिस होते बरं का. आम्ही आता रिहर्सलला गायिकेलाच सांगतो, न सांगता कुठलाही अंतरा गाळ, स्केल बदल, अन आम्ही न थांबता सावरायचं, जो थांबला त्यानं सगळ्यांना तर्री पोहे. पहिल्या महिन्यात माझे बरेच पैसे गेले. आणि स्केल आता तोंडी घेत नाही, कागदावर पां 4, का 4 असं मोठ्या अक्षरात लिहून मॉनिटरला चिकटवतो.

तोंडाचं पण बघ. चुकल्यावर मुंडी हलवणं, जीभ चावणं, ड्रमरकडे पाहून हसणं, हे सगळं खालून दिसतं. आणि बोलायचं तर अजिबातच नाही. महालातल्या त्या कार्यक्रमाचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी ऐकलं, जी शार्प कुठे आहे ते मला तीनदा मागे नेऊन शोधावं लागलं, त्यानंतरचा दोन मात्रांचा खड्डा मात्र लगेच सापडला, आणि त्या खड्ड्यात, बाजूच्या कोरसच्या माइकमधून, माझाच आवाज एकदम स्वच्छ, "अरे यार".