टॅप शिकताना आवाज का बिघडतो? या चुका टाळा

टॅप नाचाचे, तळाला धातूच्या पट्ट्या लावलेले बूट पायात चढले की पहिला मोह होतो तो पाय आपटण्याचा. त्या खणखणाटात मजा असते हे खरं, पण थोड्याच वेळात पोटऱ्या भरून येतात आणि कानावर पडते ती नुसती दडदड. टॅपचा आवाज ताकदीने निघत नाही, सैल घोट्याने निघतो. शफल करून बघा: चवड्याची पट्टी पुढे जाताना जमिनीला घासून एक ठोका देते, मागे येताना दुसरा. मागचा ठोका गिळला जात असेल तर घोटा ताठ आहे किंवा पाय फार लांब फेकला जातोय. खुर्चीची पाठ धरा, गुडघा जरा उचला, पाऊल लोंबतं सोडा आणि वीतभर अंतरातच शफल करत राहा. दोन्ही ठोके सारखे ऐकू येईपर्यंत वेग वाढवू नका.

दुसरी चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती कानाला कळतच नाही. फ्लॅप आणि स्लॅप, दोन्हींत पाऊल पुढे घासून टेकवायचं, म्हणजे दोनच ठोके आणि आवाज जवळजवळ एकच. फरक आहे वजनाचा: फ्लॅपमध्ये शरीराचं वजन त्या पायावर जातं, स्लॅपमध्ये जात नाही. फ्लॅपऐवजी नकळत स्लॅप झाला, तर गडबड उघडी पडते ती पुढच्या स्टेपला. पुढे टाकायचा पाय मोकळाच नसतो, मग तोल जातो आणि आपल्याला वाटतं की पुढची स्टेप अवघड आहे. तिची सफाई करण्यात तास जातो, दोष मात्र मागे राहतो. उपाय सोपा आहे. प्रत्येक फ्लॅपनंतर थांबा आणि दुसरा पाय उचला. न डगमगता उचलता आला, तर वजन जागेवर आहे.

लयीची चूकही अशीच लपलेली असते. जॅझच्या स्विंगमध्ये एका मात्रेचे दोन भाग सारखे नसतात. पहिला लांब, दुसरा आखूड. नवशिका दोन्ही सारखे वाजवतो आणि नाच कवायतीसारखा ऐकू येतो. स्टेप आधी तोंडाने म्हणा, ‘दाऽ-द, दाऽ-द’, मग पायात उतरवा. आणि आरशापेक्षा रेकॉर्डिंगवर भरवसा ठेवा. फोन पालथा ठेवून फक्त आवाज टिपा. आरसा लयीची चूक दाखवत नाही.

शैली न ओळखता सराव केला तरी अडतं. अमेरिकी टॅप नर्तक बिल ‘बोजँगल्स’ रॉबिन्सन चवड्यांवर, हलक्या आणि स्वच्छ ठोक्यांत नाचायचे. त्यांचा जिन्यावरचा नाच प्रसिद्ध आहे. जॉन बबल्स यांनी 1920च्या दशकात टाचांचे ठोके मोकळेपणाने मिसळले आणि रिदम टॅपला, म्हणजे पायांच्या लयीलाच मुख्य मानणाऱ्या शैलीला, वजन आलं. ब्रॉडवे, म्हणजे न्यूयॉर्कच्या संगीत नाटकांच्या शैलीत हात, खांदे, रांगेतली एकसारखी आकृती यांना मोठं मोल आहे. तिथून रिदम टॅपकडे आलेल्यांची टाच हमखास हरवते. रिदम टॅपच्या पॅडल अँड रोल या स्टेपमध्ये चार ठोके मोजा: टाच, मागे ओढलेला चवडा, चवडा, पुन्हा टाच. तीनच ऐकू आले तर बहुधा शेवटची टाच पडलेली नसते. उलट दिशेने जाणाऱ्यांचे खांदे पडलेले आणि हात विसरलेले असतात. सॉफ्ट शू तर मुळात बिनपट्टीच्या बुटांचा संथ नाच. त्यातल्या रिकाम्या जागा ठोक्यांनी भरल्या की त्याचा जीवच जातो.

निकोलस बंधू या टॅप नर्तकांच्या जोडीने ‘स्टॉर्मी वेदर’ (1943) या चित्रपटात एकमेकांवरून उड्या मारत, दर वेळी स्प्लिटमध्ये (पाय पूर्ण फाकवून) पडत पायऱ्या उतरल्या. ते पाहून कोणाचेही पाय शिवशिवतील. पण घोटे तयार नसताना विंग्ज किंवा पुलबॅक या उडीच्या स्टेप्स करू नका, पाय मुरगळतो.

बुटांचं थोडक्यात: पट्टीचे स्क्रू अधूनमधून तपासा. वर आलेला स्क्रू फरशी ओरखडतो आणि पाय सटकवतो. काँक्रीटवर, किंवा काँक्रीटवर थेट चिकटवलेल्या फरशीवर रोजचा सराव नकोच, गुडघे आणि नडग्या दुखावतात. प्लायवूडची फळी आणि तिच्याखाली रबर एवढ्याने बराच फरक पडतो.

शेवटी शिम शॅम. 1920च्या दशकाच्या अखेरीस लिओनार्ड रीड आणि विली ब्रायंट या नर्तकांकडून रूढ झालेला हा नाच जगभरचे टॅप नर्तक कार्यक्रमाच्या शेवटी एकत्र नाचतात. स्टेप्स पाठ असूनही अनेक जण त्यात पहिल्याच ठोक्याला चुकतात, कारण ते ‘एक’वर सुरू करतात आणि मग अख्खं आवर्तन एका मात्रेने मागे पडतं. शिम शॅम आठव्या मात्रेवर सुरू होतं. सातपर्यंत मनात मोजा, वजन डाव्या पायावर ठेवा आणि आठला उजवा पाय टाका.