डायलिसिस टेक्निशियन व्हायचंय? आधी दोन्ही बाजूंचे आकडे वाचायला शिका

बारावी सायन्स झालेली मुलं-मुली विचारतात, डायलिसिसचा कोर्स करावा का? जरूर करावा. पण प्रवेश घेण्याआधी दोन धडे पुन्हा उघडा: जीवशास्त्रातली उत्सर्जन संस्था आणि रसायनशास्त्रातली द्रावणं. परीक्षेसाठी आपण दोन्ही वेगवेगळे पाठ करतो. डायलिसिस युनिटमध्ये मात्र ते एकत्रच वापरावे लागतात, आणि तेही समोर माणूस झोपलेला असताना.

निरोगी माणसाच्या दोन्ही किडन्या मिळून मिनिटाला साधारण १२५ मिलिलिटर द्रव गाळतात. दिवसाचा हिशेब १८० लिटरचा होतो. लघवी होते ती दीड-दोन लिटर. बाकी सगळं परत रक्तात जातं. म्हणजे किडनीचं मोठं काम गाळण्यापेक्षाही परत घेण्याचं आहे: ग्लुकोज पूर्ण परत, सोडियम बहुतेक सगळं परत, युरिया काही प्रमाणात परत. एका किडनीत सरासरी १० लाखांच्या आसपास नेफ्रॉन, म्हणजे गाळण्याचे सूक्ष्म घटक, असतात. नेफ्रॉनच्या नलिकेतल्या हेन्लेच्या वळणांमुळे किडनीच्या बाहेरच्या भागात ३०० मिलिऑस्मोल असलेली संहती आतल्या टोकाला १,२०० पर्यंत जाते. शरीराला पाणी कमी पडलं की मेंदूकडून एडीएच हे संप्रेरक येतं, नलिका आपल्या भिंतीतून पाणी जाऊ देतात, आणि ते या घट्ट भागाकडे ओढलं जाऊन रक्तात परततं. उन्हात फिरून आल्यावर लघवी पिवळी होते ती यामुळे.

आपल्या डायलिसिस मशीनला यातलं काहीच येत नाही. डायलायझरमध्ये, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळकांड्यात, हजारो पोकळ तंतू असतात. आतून रक्त जातं, बाहेरून उलट दिशेनं डायलिसेट, म्हणजे ठरावीक क्षार मिसळलेलं पाणी. मधलं पटल लहान कण जाऊ देतं, रक्तपेशी आणि बहुतेक प्रथिनं अडवतं. काय ठेवायचं, काय काढायचं याची निवड त्याला करता येत नाही. ती निवड आपण डायलिसेटच्या संहतीतून करतो. हे ज्याला समजलं त्याला निम्मा विषय समजला, असं मी ठामपणे सांगेन.

एक पेशंट घ्या. रक्तात युरिया भरपूर, डायलिसेटमध्ये शून्य: युरिया बाहेर. पोटॅशियम रक्तात ६ (हे आणि पुढचे आकडे लिटरला मिलिमोलमध्ये), डायलिसेटमध्ये २: बाहेर, पण सगळं नाही, कारण पोटॅशियम फार खाली गेलं तरी हृदयाचे ठोके बिघडतात. सोडियम दोन्हीकडे १३८-१४० च्या घरात: जवळजवळ जागच्या जागी. बायकार्बोनेट रक्तात १८, डायलिसेटमध्ये ३२-३५: हे उलट आत येतं आणि रक्तातलं आम्ल कमी करतं. सुरुवातीचे काही आठवडे प्रत्येक पेशंटसाठी असे दोन रकाने वहीत मांडा. बाण कुठून कुठे, हे स्वतः काढा. साठलेलं पाणी मात्र पटलावरच्या दाबाच्या फरकानं काढतात. ते गणित ड्राय वेटवरून, म्हणजे जादा पाणी नसतानाच्या वजनावरून, येतं, ते वेगळं शिका.

आता एककं. डायलिसेट पार्ट ए आणि पार्ट बी (बायकार्बोनेट) या दोन घट्ट द्रावणांत पाणी मिसळून बनतं. पार्ट ए च्या कॅनवर कॅल्शियम कधी १.२५ मिलिमोल लिहिलेलं असतं, कधी २.५ मिलिइक्विव्हॅलंट. दोन्ही एकच, कारण कॅल्शियमच्या आयनावर दोन प्रभार आहेत. पोटॅशियमला एकच प्रभार, तिथे दोन्ही आकडे सारखे. लेबल नुसतं पाहू नका, वाचा. पार्ट ए आणि पार्ट बी वेगळे ठेवतात त्यालाही कारण आहे: घट्ट स्वरूपात एकत्र केले तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कार्बोनेट होऊन तळाशी बसतात.

मिसळण्याचं प्रमाणही सगळीकडे एक नसतं. ३६.८३ एक्स प्रकारात (म्हणजे १ भाग ए पासून एकूण ३६.८३ भाग डायलिसेट) १ भाग ए, १.८३ भाग बी, ३४ भाग पाणी. ४५ एक्समध्ये १, १.७२ आणि ४२.२८. कॅन एका प्रकारचा आणि मशीनचं सेटिंग दुसऱ्या प्रकारचं, असं कधीही चालत नाही. मशीनवर कंडक्टिव्हिटी, म्हणजे डायलिसेटची विद्युतवाहकता, साधारण १४ मिलिसीमेन्सच्या आसपास दिसते. पण ती एकूण आयनांचा अंदाज देते. कोणतं मीठ किती, ते सांगत नाही. म्हणून आकडा बरोबर दिसला तरी लेबल आणि पीएच तपासायचंच. डायलिसेट फार पातळ झालं तर तांबड्या पेशी पाणी ओढून फुटतात. अलार्म वाजला की तो गप्प करण्याआधी कारण शोधा.

पाण्याबद्दल मी जरा कडक आहे. मिनिटाला ५०० मिलिलिटर धरलं तर चार तासांत १२० लिटर पाणी पेशंटच्या रक्ताशेजारून जातं. नळाच्या पाण्यातलं क्लोरामाइन पोटातून गेलं तर फारसं बिघडत नाही; डायलिसिसमधून गेलं तर रक्तपेशी फोडतं. १९९६ मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरू इथे पाण्यातल्या नील-हरित शैवालाच्या विषामुळे डायलिसिसचे ५० हून अधिक रुग्ण दगावले. म्हणून पहिली शिफ्ट लागण्याआधी कार्बन टँकनंतरचं (ही टाकी पाण्यातलं क्लोरीन काढते) क्लोरीन तपासून रजिस्टरमध्ये लिहायचं. टेस्ट न करता कालचा आकडा उतरवणारं युनिट दिसलं तर तिथे शिकू नका.

परासरण प्रत्यक्ष समजायचं असेल तर पहिल्यांदा डायलिसिसला आलेल्या पेशंटजवळ थांबा. युरिया खूप वाढलेला असला तरी डॉक्टर पहिलं सेशन दोन तासांचं आणि कमी ब्लड फ्लोचं सांगतात. नातेवाईक म्हणतात, "एकदाच सगळं साफ करून टाका ना." रक्तातला युरिया झपाट्यानं उतरला आणि मेंदूतला मागे राहिला, तर पाणी मेंदूकडे ओढलं जातं, डोकं दुखतं, उलटी होते, झटकेही येऊ शकतात. हे घरच्यांना समजेल असं सांगता येणं हाही आपल्या कामाचा भाग आहे.

कोर्सचं थोडक्यात: नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बी.पी.एम.टी. या पॅरामेडिकल पदवीमध्ये डायलिसिसची शाखा आहे, डिप्लोमेही आहेत. आर.ओ. प्लांटला (पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेला) विद्यार्थ्यांना हात लावू देतात का, हे आधी विचारा. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांतही युनिट आली आहेत, त्यामुळे काम फक्त मुंबई-पुण्यातच मिळतं असं नाही.

आणि सोमवारी-मंगळवारी लवकर पोहोचा. आठवड्यातून तीनदा येणाऱ्यांचा मोठा खंड त्याआधी पडलेला असतो. किडनी १६८ तास चालते, मशीन जेमतेम १२. त्या दोन दिवसांत कुणी पोटॅशियम भरपूर असलेलं नारळपाणी प्यायलेलं असतं, कुणी लग्नात जेवून आलेलं. वजन करा, धाप आहे का पाहा, हातपाय जड वाटतात का विचारा, फिस्टुलावर (हातातल्या धमनी-शिरेच्या जोडावर, जिथे सुई टोचतात) बोटं ठेवून थरथर लागते का बघा, आणि काही वेगळं वाटलं तर सुई टोचण्याआधी डॉक्टरांना बोलवा.