कमी सोडा, जास्त पोचेल : मल्टिहॉप वायरलेसवर प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी

बागेच्या टोकाला कॅमेरा आणि ओलाव्याचे सेन्सर, शेतघरात इंटरनेट, आणि मधले तीन-चार राउटर एकमेकांकडे डेटा सरकवत आणणारे. निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या द्राक्षबागेसाठी असा प्रोजेक्ट घेतला की पहिल्याच आठवड्यात प्रश्न पडतो : खोक्यावर ३०० एमबीपीएस लिहिलंय, मग शेवटच्या टोकाला त्याचा एक बारीक तुकडाच का मिळतो?

कारण हवा एकच आहे. एकाच चॅनेलवरचा, एकच रेडिओ असलेला राउटर एका वेळी एकतर ऐकतो किंवा बोलतो. म्हणून दोन हॉपला (हॉप म्हणजे एका राउटरपासून पुढच्यापर्यंतची उडी) वेग निम्मा होतो आणि तीन हॉपला एक तृतीयांश. त्याहून लांब साखळीत एकाचा आवाज पुढच्या दोन हॉपपर्यंत त्रास देतो, असं धरलं तर हिशेबाने एक चतुर्थांश उरायला हवा. पण २००१ साली एमआयटीच्या संशोधकांनी ८०२.११ ची (वाय-फायच्या मानकाची) साखळी अभ्यासली तेव्हा उरला सुमारे एक सप्तमांश. मधल्या नोडला, म्हणजे साखळीतल्या राउटरला, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी झगडावं लागतं, पहिल्या नोडला कमी. त्यामुळे पहिला नोड पुढच्यांना झेपेल त्याहून जास्त पॅकेट आत ढकलतो. ती पुढे कुठेतरी पडतात, पण पडण्याआधी हवेतला वेळ खाऊन जातात. या विषयातले बहुतेक उपाय शेवटी पहिल्या नोडला आवरण्याचेच असतात, हे सुरुवातीलाच ध्यानात ठेवा.

टीसीपी, म्हणजे पोचपावत्या घेत आणि हरवलेलं पुन्हा पाठवत डेटा पोचवणारा प्रोटोकॉल, यात भर घालतं. पॅकेट हरवलं म्हणजे गर्दी झाली, असं ते समजतं. इथे पॅकेट बहुधा टकरीत जातं. शिवाय त्याच्या पोचपावत्या त्याच हवेतून उलट्या येतात आणि आपल्याच डेटाशी भांडतात. पोचपावती छोटी असली तरी चॅनेल मिळवण्याचा खर्च मोठ्या पॅकेटइतकाच असतो. एओडीव्हीसारखा, गरज पडेल तेव्हा मार्ग शोधणारा राउटिंग प्रोटोकॉल असेल तर आणखी एक घोटाळा होतो : आरटीएस (‘पाठवू का?’ ही विचारणा) सात वेळा पाठवून उत्तर आलं नाही की खालचा थर लिंक तुटल्याचं कळवतो, शेजारी जागच्या जागी असूनही मार्ग पुसला जातो आणि नवा शोध सुरू होतो. तोवर टीसीपीचा टाइमर दर अपयशाला दुप्पट होत जातो. लिंक परत आली तरी पाठवणारा गप्प बसून राहतो.

प्रयोगाची मांडणी इथे फार महत्त्वाची आहे. लॅबमधल्या एका टेबलावर पाच राउटर ठेवून स्टॅटिक रूट (हाताने ठरवलेले मार्ग) घातले म्हणजे मल्टिहॉप झालं, असा समज सर्रास दिसतो. त्या टेबलावर सगळे सगळ्यांना ऐकू येतात. त्यामुळे लपलेला नोड, म्हणजे पाठवणाऱ्याला ऐकू न येणारा पण त्याच्या पॅकेटला धडकणारा नोड, तयारच होत नाही, आणि जो दोष सुधारायचा तोच प्रयोगात नसतो. ट्रान्समिट पॉवर किमान पातळीवर आणा, अँटेनाच्या तारेत सिग्नल २० ते ३० डीबीने कमी करणारे अ‍ॅटेन्युएटर लावा, किंवा राउटर वेगवेगळ्या मजल्यांवर न्या. मग पहिल्या आणि तिसऱ्या राउटरला एकमेकांचा बीकन (राउटर ठरावीक वेळाने देतो ती हजेरी) दिसत नाही ना, हे तपासा. तरी सावध राहा : बीकन वाचता येत नाही इतका क्षीण सिग्नलसुद्धा शेजारचं पॅकेट बिघडवू शकतो. आरटीएस-सीटीएस (विचारणा आणि तिला मिळणारी परवानगी) चालू करूनही फरक पडत नाही, त्याचं कारण बहुधा हेच असतं.

मोजमाप एकेका लिंकपासून करा. आयपर्फ३ हे वेग मोजायचं साधन यूडीपीत (पोचपावतीशिवाय पाठवणाऱ्या प्रोटोकॉलवर) आपणहून फक्त १ एमबीपीएस पाठवतं, तेव्हा दर स्वतः द्या आणि नुकसान दिसेपर्यंत वाढवत न्या. दोन्ही दिशा मोजा. जाताना ०.८ आणि येताना ०.९ पॅकेट पोचत असतील तर ईटीएक्स (एक पॅकेट पोचवायला सरासरी किती वेळा पाठवावं लागतं तो आकडा) १ भागिले ०.७२, म्हणजे १.३९. केवळ हॉप मोजणारं राउटिंग लांबची, अशक्त लिंक पसंत करतं. ईटीएक्स ती चूक टाळतं. मात्र ईटीएक्सची चाचणी पॅकेट ब्रॉडकास्टने, सहसा सर्वांत कमी दराने जातात, म्हणून आकडा खऱ्या डेटापेक्षा गोड दिसतो.

मग पूर्ण साखळीवर टीसीपी सोडा आणि शेजारी पिंग चालू ठेवा. २० मिलिसेकंदांचा पिंग ५०० वर गेला, तर मधल्या राउटरच्या बफरमध्ये रांग तुंबली आहे. आता टीसीपीची विंडो, म्हणजे पोचपावती येण्याआधी ते किती डेटा सोडू शकतं ती मर्यादा, बांधा. जुन्या ८०२.११ वर केलेल्या अभ्यासात h हॉपच्या साखळीला सुमारे h/4 पॅकेटची विंडो पुरते असं दिसलं. हा आकडा आजच्या ११एन (८०२.११एन) राउटरवर जसाच्या तसा लावू नका. तिथे एकदा चॅनेल मिळाला की ६४ पर्यंत फ्रेम एकत्र जातात, आणि विंडो फार लहान केली तर तो फायदाच बुडतो. वेग गुणिले फेरीचा (पॅकेट जाऊन पोचपावती येईपर्यंतचा) वेळ एवढा हिशेब करा : १० एमबीपीएस आणि २० मिलिसेकंदांना २५,००० बाइट, म्हणजे १५०० बाइटची सुमारे १७ पॅकेट. त्याच्या आसपास १६, ३२, ६४, १२८ केबी अशा विंडो लावून वेग आणि पिंग एकाच आलेखावर काढा. एका जागेनंतर वेग वाढत नाही, नुसता पिंग वाढतो. तिथेच थांबायचं.

पैसे असतील तर दोन रेडिओचा राउटर घ्या. एक हॉप २.४ वर आणि पुढचा ५ गिगाहर्ट्झवर ठेवला की ऐकणं-बोलणं एकाच वेळी चालतं. एवढा फायदा कोणत्याही सॉफ्टवेअरने मिळत नाही. दोन्ही रेडिओ ५ गिगाहर्ट्झच्या शेजारच्या चॅनेलवर ठेवले तर मात्र एकाच खोक्यात ते एकमेकांना बहिरं करतात. बॅटमॅन-अ‍ॅडव्हान्स्ड हा मेश राउटिंग प्रोटोकॉल वापरणार असाल तर वायरलेस इंटरफेसचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १५३२ बाइट करा, नाहीतर मोठी पॅकेट तुकड्यांत जातील.

सिम्युलेशनसाठी एनएस-३ हे सॉफ्टवेअर चांगलं आहे, पण त्यात टीसीपीचा सेगमेंट (एका पॅकेटमधला डेटा) मुळात ५३६ बाइटचा असतो, तो १४४८ करा. एकाच सीडवरचा (यादृच्छिक आकड्यांच्या एकाच सुरुवातीवरचा) आलेख दाखवू नका, किमान दहा सीड घेऊन सरासरी आणि पसारा दोन्ही द्या.

बागेत गेल्यावर वीज आधी बघा. कृषी फिडरवर भरवसा नको. १२ व्होल्ट ७ एएच बॅटरीत ८४ वॉट-तास असतात, लेड-अ‍ॅसिडचे निम्मेच वापरावेत, म्हणजे ५ वॉटचा राउटर जेमतेम आठ तास चालेल. अँटेना मांडवाच्या वर न्या : ५०० मीटरच्या हॉपला ५.८ गिगाहर्ट्झवर मध्यभागी पानांपासून दीड मीटर मोकळीक लागते, २.४ वर जवळपास अडीच. उलट, पानं आडवी आलीच तर ५.८ ला जास्त खातात. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग उघडी असते, तेव्हाचं मोजमाप फसवं असतं. डिसेंबरात, पानं भरल्यावर, सकाळच्या दवात त्याच खांबांवर परत मोजा आणि नोंदवहीत प्रत्येक आरएसएसआयच्या (सिग्नलच्या ताकदीच्या आकड्याच्या) शेजारी छाटणीनंतरचा दिवस लिहा.