अंदमानला निघताना: सामानात काय आणि डोक्यात काय

अंदमानच्या सहलीची आपली यादी सनस्क्रीन, पोहण्याचे कपडे आणि सेल्युलर जेलच्या प्रकाश-ध्वनी कार्यक्रमाच्या तिकिटांपाशी संपते. तिच्यात भूकंप आणि सुनामीच्या तयारीची थोडी भर घाला, कारण या बेटांच्या पश्चिमेला समुद्रतळाशी भारतीय भूपट्ट बर्मा भूपट्टाखाली सरकत असतो. २६ डिसेंबर २००४ ला सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ भूकंप होऊन या दोन भूपट्टांमधली शिवण उसवायला लागली आणि उत्तरेकडे सुमारे १३०० किलोमीटर उसवत गेली. निकोबारच्या दक्षिण टोकावरच्या इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरच्या आसपास खचली, तर उत्तर अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावरचं प्रवाळ उचललं जाऊन उघडं पडलं.

आधी एक सवय घरीच ठेवून जा. भूकंप म्हटला की आपल्याला १९९३ चं किल्लारी आठवतं, आणि पाय आपोआप दाराकडे वळतात. दगडमातीच्या घरांनी लावलेली ती सवय काँक्रीटच्या हॉटेलात कामाची नाही. हादरे चालू असताना खिडकीपासून दूर, मजबूत टेबलाखाली बसा, डोकं झाका. हादरे थांबले की मात्र बाहेर पडून उंचावर जायचं. किनाऱ्यावर असाल आणि जमीन बराच वेळ हलली, तर तोच इशारा. हैदराबादचं सुनामी इशारा केंद्र २००७ पासून चोवीस तास काम करतं, पण भूकंपाचं केंद्र जवळ असेल तर लाट भोंग्याच्याही आधी पोचू शकते. पाणी अचानक ओसरलं की शिंपले वेचायला पुढे जाऊ नका. मोबाइलवर ते दृश्य टिपण्याचा मोह तर त्याहून वाईट.

सामान फार नाही. झोपताना उशाशी चप्पल नव्हे, बूट ठेवा, कारण आधी फुटतात त्या काचा. छोटी बॅटरी, शिट्टी, पाण्याची बाटली, आठवडाभराची औषधं, ओळखपत्रांच्या झेरॉक्स आणि थोडी रोकड एकाच पाठीवरच्या पिशवीत घाला, ती दाराशीच राहू द्या. मोबाइलचं नेटवर्क बंद पडतं, म्हणून घरचे नंबर आणि ११२ कागदावर लिहा. खायला भडंग उत्तम. चकल्यांचा मात्र पिशवीत चुरा होतो.

चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, हे पहिल्याच संध्याकाळी ठरवा. उंचावर पोचल्यावर पहिली लाट परतली म्हणून खाली उतरू नका. पुढची लाट तासाभरानेही येते आणि ती मोठी असू शकते. प्रशासन सांगेपर्यंत वरच थांबा. बोटीत, खोल पाण्यात असाल तर किनाऱ्याकडे वळण्याचा हट्ट धरू नका. सुनामीची लाट उंच होते ती उथळ पाण्यात.

आणि खोली घेताना समुद्र किती जवळून दिसतो हे विचारतो, तसं टेकडीची वाट कुठली हेही विचारा. आजी-आजोबांना आणि पोरांना घेऊन ती एकदा चालून बघा, घड्याळ लावून.