अटलांटिकात खंड वसवायचाय? आधी वारा पाहा

१४२४ सालच्या एका नकाशात झुआने पिझिगानो या व्हेनिसच्या नकाशाकाराने पोर्तुगालच्या पश्चिमेला, भर अटलांटिकात एक भलाथोरला आयत काढून ठेवलाय. नाव अँटिलिया. आठव्या शतकात आयबेरिया (म्हणजे आजचे स्पेन-पोर्तुगाल) मुसलमानी फौजांच्या हाती गेल्यावर सात बिशप तिकडे पळाले आणि त्यांनी सात शहरं वसवली, अशी दंतकथा. प्रत्यक्षात तिथे नुसतं पाणी. पण जर-तरची कादंबरी लिहायला इतकं आयतं भांडवल दुसरं नाही.

आधी जागा ठरवा, आणि हात जरा आखडता घ्या. वाचक एक थाप मुकाट गिळतो, दुसरीला प्रश्न विचारायला लागतो. खंड फार उत्तरेला सरकवलात तर गल्फ स्ट्रीमचं ऊबदार पाणी युरोपकडे जाताना अडेल आणि तुमची गोष्ट सुरू होण्याच्या कितीतरी आधीच तिकडचा इतिहास बिघडून बसेल. मी तरी तो ३० ते ३८ उत्तर अक्षांशांत, अझोर्स बेटांच्या नैर्ऋत्येला ठेवीन.

मग वारा. नवखे लेखक इथेच आपटतात. लिस्बनहून सुटलेलं जहाज नाकासमोर पश्चिमेला नेतात. त्या पट्ट्यात वारा बहुतेकदा पश्चिमेकडूनच येतो, म्हणजे थेट तोंडावर. कोलंबससुद्धा १४९२ मध्ये आधी खाली कॅनरी बेटांना गेला, तिथून ईशान्येचे व्यापारी वारे पाठीशी घेतले आणि परतताना वर सरकून पश्चिमी वारे पकडले. म्हणजे तुमच्या खंडाचं पहिलं बंदर दक्षिण किनाऱ्यावर येणार. युरोपकडे तोंड केलेला पूर्व किनारा कोरडा निघण्याची शक्यता जास्त, कारण मधे डोंगररांग असली तर पश्चिमेचा पाऊस तिथेच अडणार. महाबळेश्वरहून माणदेशात उतरलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. सात सोनेरी शहरांच्या जागी कुसळं!

आता सगळ्यात अवघड प्रश्न: तिथे आधीपासून कोण राहतं? ‘कोणीच नाही’ हे उत्तर सोपं वाटतं. मदेरा आणि अझोर्स ही बेटं खरोखर निर्मनुष्य होती. पण मदेरात ऊस आला आणि ऊस म्हटलं की राबणारे हात लागतात. १४४४ साली पोर्तुगालच्या लागोश बंदरात २३५ आफ्रिकी माणसं बंदी करून उतरवली आणि वाटून टाकली. रिकामा खंड दाखवून तुम्ही या प्रश्नातून सुटत नाही, तो फक्त दुसऱ्या किनाऱ्यावर सरकतो. उलट माणसं ठेवलीत तर कॅनरीतल्या ग्वांचे लोकांकडे पाहा. त्यांच्याकडे लोखंड नव्हतं, तरी १४०२ मध्ये सुरू झालेलं त्यांच्यावरचं आक्रमण १४९६ मध्ये तेनेरीफ बेट पडेपर्यंत चाललं. तेव्हा तुमच्या वसाहतवाल्यांना एका प्रकरणात खंड जिंकू देऊ नका.

त्यानंतर जहाजात काय काय चढवलं त्याची यादी करा. तोफा राहू द्या, जनावरं लिहा. मदेराजवळच्या पोर्तो सांतो बेटावर तिथे वसाहत करायला गेलेल्या पेरेस्त्रेलोने नेलेली सशाची मादी पिल्लांसह मोकळी सोडली. सशांची प्रजा इतकी वाढली की पेरलेलं काही उरेना, आणि लोकांना काही काळ मुक्काम हलवावा लागला. याच कोलंबसने पुढे पेरेस्त्रेलोच्या मुलीशी लग्न केलं. कादंबरीत घातलं असतं तर संपादकाने ‘फार जुळवून आणलंय’ म्हणून कापलं असतं.

कादंबरीचा पहिला प्रसंग मी इथूनच उचलेन. झेंडा रोवणं, क्रूस, भाषण नको. पहाटे एक बाई पावट्याच्या वाफ्याशी उभी आहे. काल वीतभर आलेले कोंब जमिनीलगत तिरपे कातरलेत, सुरी फिरवल्यासारखे. शेजारी वाटाण्याएवढ्या गोल लेंड्या. पुढचं जहाज यायला सात महिने आहेत आणि बियाण्याची पिशवी ती मुठीत मावेल एवढी झालीय.

शेवटी धागा लांबपर्यंत ओढून पाहा. घराजवळच खंड मिळालेला पोर्तुगाल १४९७ मध्ये वास्को द गामाला पाठवेल का? नाही पाठवलं तर १५१० मध्ये गोवा आल्बुकेर्कच्या हाती जात नाही. अमेरिकेतून निघून पोर्तुगीज जहाजांतून आपल्याकडे आलेली मिरची मग कोण आणणार, कधी आणणार? तुमच्या कथेतल्या कोल्हापूरकराला तांबडा रस्सा बहुधा मिऱ्यांवर भागवावा लागेल, आणि तो तांबडा नसेल.