अख्ख्या शेताचा पर्यावरणीय ताळेबंद कसा मांडायचा

पिकागणिक मोजायला गेलं की पर्यावरणाचा हिशेब फसतो. गाय ज्वारीचा कडबा खाते, तिचं शेण सोयाबीनच्या रानात जातं आणि विहिरीचं पाणी हरभऱ्यालाही लागतं, गवतालाही. त्यामुळे एकेका पिकाचा आकडा चांगला दिसतो आणि शेत मात्र दरवर्षी थोडं थोडं खंगत जातं. मोजायचं तर अख्खं शेत मोजा: बांधाच्या आत काय आलं, बाहेर काय गेलं.

आधी हद्द ठरवा. सातबारावरचे सगळे गट, बटईने केलेलं रान, गोठा आणि विहीर हे आत, घर बाहेर. म्हणजे घरी खाल्लेली ज्वारीसुद्धा शेतातून 'बाहेर गेली' असं धरायचं. वर्ष १ जून ते ३१ मे धरा, कारण तेव्हा बरंचसं रान मोकळं असतं. दोन्ही तारखांना शिल्लक खताच्या गोण्या, पेंड, साठवलेलं धान्य आणि उकिरडा यांची नोंद करा. ही नोंद राहिली तर मे महिन्यात घेऊन ठेवलेला युरिया चुकीच्या वर्षात जातो.

सर्वात जास्त सांगणारा आकडा नत्राचा. मराठवाड्यातलं नमुन्याचं पाच एकरांचं शेत घेऊ: तीन एकर सोयाबीन, दोन एकर रब्बी ज्वारी, दोन गाई.

आत आलेलं नत्र असं. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो, सहा गोण्यांचं १२४ किलो. डीएपी या खताच्या ५० किलोच्या गोणीत ९ किलो. आठ गोण्यांचं ७२. सरकी पेंडीत साधारण ३.६ टक्के धरा. एका टनाचं ३६. सोयाबीन मुळांवरच्या गाठींतून हवेतलं नत्र घेतं. ते तंतोतंत मोजता येत नाही, पण दाण्यातल्या नत्राच्या दोन-तृतीयांश हा कामचलाऊ अंदाज आहे. इथे तो १२० किलो. एकूण ३५२.

बाहेर गेलेलं: ३० क्विंटल सोयाबीन, ६ टक्क्यांनी १८० किलो. १६ क्विंटल ज्वारी, १.६ टक्क्यांनी २६. चार हजार लिटर दूध, अर्ध्या टक्क्याने २०. एकूण २२६. भुसकट किंवा कडबा विकला असेल तर तोही इथेच धरा. हा हमखास विसरला जातो.

शिल्लक १२६ किलो, एकरी २५. कार्यक्षमता २२६ भागिले ३५२, म्हणजे ६४ टक्के. युरोपातल्या तज्ज्ञगटाने ५० ते ९० टक्के ही योग्य कक्षा मानली आहे. हेक्टरी ८० किलोपेक्षा जास्त शिल्लक नको, असंही त्यांचं म्हणणं आहे. आपल्या शेताची ती ६२ येते. ५० च्या खाली गेलं तर जादा नत्र विहिरीत नायट्रेट होऊन उतरतं किंवा हवेत जातं. पण ९० च्या वर गेलेला आकडा पाहून खूश होऊ नका. कोरडवाहू शेतात तो १०० च्याही वर जातो, आणि याचा अर्थ पीक जमिनीतली जुनी पुंजी खाऊन आलेलं असतं. स्वतःच्या गोठ्यातलं शेणखत या हिशेबात घेऊ नका, ते आतल्या आत फिरतं. विकत आणलेलं मात्र धरा. स्फुरद आणि पालाशचा ताळेबंदही याच पद्धतीने होतो.

पाण्यासाठी २०० लिटरचा ड्रम आणि मोबाईलमधलं स्टॉपवॉच पुरतं. पाइपाच्या रानातल्या टोकाला ड्रम धरा. ४० सेकंदांत भरला तर ताशी १८ हजार लिटर. विहिरीची पातळी उतरली की पंपाचा ओढा कमी होतो, म्हणून हे मोजमाप नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च असं तीनदा करा. वर्षात पंप ३०० तास चालला तर ५४ लाख लिटर. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ४,०४७ लिटर. त्या हिशेबाने पाच एकरांवर २६७ मिलिमीटर. जोडीला विहिरीतली पातळी टेपने मोजा, ऑक्टोबरात आणि मेअखेरीस, पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी. सौर पंप असला तरी हे टाळू नका. वीज स्वच्छ झाली म्हणून भूजल वाचत नाही.

आता वीज आणि डिझेलमागचा कार्बन डायऑक्साइड. कृषिपंपाच्या विजेचं बिल बहुधा मोटारीच्या अश्वशक्तीवर येतं किंवा येतच नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका. तासांची वही ठेवा. ५ अश्वशक्तीची मोटार ताशी साधारण ४.६ युनिट घेते आणि एका युनिटमागे अंदाजे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. ३०० तासांचे ९६६ किलो. डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे २.६८ किलो. भाड्याच्या ट्रॅक्टरचं आणि मळणीयंत्राचं डिझेल आपण भरत नाही म्हणून ते राहून जातं. चालकाला विचारून त्याच दिवशी लिहा. १२० लिटरचे ३२२ किलो.

रासायनिक नत्राचा एक टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपात हवेत जातो असं ढोबळ मान आहे. युरिया आणि डीएपीच्या १९६ किलो नत्रातून १.९६ किलो, गुणिले ४४, भागिले २८ (नत्राचं वजन नायट्रस ऑक्साइडच्या वजनात आणायला), गुणिले २७३ (हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या तितके पट तापवतो), म्हणजे सुमारे ८४० किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम. कोरड्या हवामानात हे मान निम्म्यापर्यंत उतरतं, तेव्हा आकडा वरच्या बाजूचा समजा. गाईमागे वर्षाला ५८ किलो मिथेन हे आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेतलं भारतीय उपखंडातल्या दुभत्या गाईंचं मान. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट तापवतो, म्हणून गुणिले २७ केलं की दोन गाईंचे ३,१३२ किलो. बेरजेत गाई सगळ्यांना झाकून टाकतात. म्हणून एकच बेरीज दाखवू नका, प्रत्येक ओळ वेगळी ठेवा. नाहीतर गाई विकून युरिया वाढवणारं शेत कागदावर सुधारलेलं दिसेल, आणि त्याच वेळी जमिनीतलं सेंद्रिय द्रव्य घटत असेल.

ते पाहायला माती परीक्षण. मे महिन्यात, शेणखत टाकण्याआधी, प्रत्येक रानात दहा-पंधरा ठिकाणी २० सेंटिमीटर खोल व्ही आकाराचा खड्डा घ्या. बांध, झाडाखालची जागा आणि खताचा जुना ढीग सोडून. वरून खालपर्यंत सारख्या जाडीचा काप काढा, मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलोवर आणा आणि सावलीत वाळवा. सेंद्रिय कर्ब (सेंद्रिय द्रव्यातला कार्बन) ०.६ टक्के आणि मातीची घनता घनसेंटिमीटरला १.३ ग्रॅम असेल तर या थरात एकरी सुमारे ६.३ टन कर्ब असतो. काळी माती ओलीने फुगते आणि वाळून आकसते, म्हणून घनता मोजायचं कडं दरवेळी त्याच हंगामात, सारख्या ओलीत ठोका. एका वर्षातला ०.०५ टक्क्याचा फरक प्रयोगशाळेच्या चुकीतही बसतो. तीन ते पाच वर्षांचा कल बघा.

फवारणीत लिटर मोजू नका, सक्रिय घटक मोजा: २० टक्के ईसीचं (पाण्यात मिसळायचं द्रवरूप औषध) अर्धा लिटर म्हणजे १०० ग्रॅम. शेजारी डब्यावरच्या, औषध किती विषारी ते दाखवणाऱ्या त्रिकोणाचा रंग लिहा. लाल आणि पिवळ्यातले ग्रॅम वेगळे ठेवा, हिरव्यात मिसळू नका.

प्रत्येक आकडा दोनदा भागा: एकरामागे आणि विकलेल्या मालाच्या क्विंटलमागे. उतारा घटलेल्या वर्षी क्विंटलमागचा भार वाढतो, तरी एकरामागचा तोच राहतो. यात शेतकऱ्याची चूक किती आणि पावसाची किती हे कळायला गावातल्या पर्जन्यमापकाचे मिलिमीटर त्याच वहीत उतरवून ठेवा.