कुत्रीच्या गर्भाशयात पू होतो तेव्हा: या चुका टाळा

नसबंदी न झालेली कुत्री माज संपल्यावर दोनेक महिन्यांत मलूल झाली, पाणी जास्त पिऊ लागली आणि जेवणाला तोंड लावेना, तर तपासणीत दुसरं काही निघेपर्यंत गर्भाशयात पू झालाय असंच धरून चाला. याला पायोमेट्रा म्हणतात. हा तातडीचा आजार आहे. आठवडाअखेरीपर्यंत थांबण्यासारखा नाही.

माजाची तारीख लिहून न ठेवणं

बहुतेक चुकांचं मूळ इथे आहे. माजानंतर कुत्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन हे गर्भधारणेचं हार्मोन साधारण दोन महिने चढं राहतं, मग ती गाभण असो वा नसो. या काळात गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, त्यातल्या ग्रंथी स्राव सोडतात, स्नायू सैल पडतात, गर्भाशयाचं तोंड मिटतं आणि तिथली प्रतिकारशक्ती मंदावते. माजात तोंड उघडं असताना आत शिरलेले जिवाणू, बहुतेक वेळा तिच्याच आतड्यातले ई. कोलाय, तिथे फोफावतात. म्हणून धोका खरा वाढतो तो माज सुरू झाल्यापासून पुढच्या 2 ते 12 आठवड्यांत. प्रत्येक माजागणिक अस्तरातले बदल साचत जातात, त्यामुळे मोठ्या वयात हा आजार जास्त दिसतो. पण दोन-तीन वर्षांची कुत्रीही यातून सुटलेली नाही. कुत्र्यांमध्ये माज वयाने कायमचा थांबत नाही, तेव्हा "आता म्हातारी झाली, तिला काय होणार" हा हिशेब साफ चुकीचा.

स्राव दिसत नाही म्हणून निर्धास्त राहणं

गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर पिवळसर, हिरवट किंवा विटकरी, वास मारणारा स्राव येतो. काही कुत्र्या तो चाटून टाकतात, म्हणून अंथरुण आणि शेपटीखालचे केस पाहा. तोंड बंद असेल तर बाहेर थेंबही येत नाही, पू आतच साठतो, पोट तटतटतं. हा प्रकार जास्त घातक, कारण गर्भाशय फुटू शकतं. पोट दाबून खात्री करायला जाऊ नका.

अशा वेळी पाणी मोजणं फार उपयोगी पडतं. मोजून पाणी ठेवा आणि 24 तासांनी उरलेलं वजा करा. दिवसाला किलोमागे 100 मिलीच्या वर जात असेल, म्हणजे 10 किलोची कुत्री लिटरभराहून जास्त पीत असेल, तर ते नक्कीच जास्त आहे. जिवाणूंच्या विषामुळे मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही. लघवी पातळ आणि भरपूर होते आणि तहान वाढते. मात्र ती मलूल असेल किंवा ओकत असेल, तर मोजमापासाठी एक दिवसही घालवू नका.

ताप नसल्यावरही विसंबू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं आणि पायोमेट्रात ते तेवढंच राहू शकतं. प्रकृती ढासळली की उलट खाली घसरतं.

घरच्या घरी औषध

अँटिबायोटिक गोळ्यांनी दोन-तीन दिवस तरतरी येते, मग ती पुन्हा कोसळते. आतला पू आणि प्रोजेस्टेरॉनचा प्रभाव दोन्ही जागच्या जागी असतात, निव्वळ अँटिबायोटिकने ते हटत नाहीत. माणसांची आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल तर अजिबात नको. आधीच ताणलेल्या मूत्रपिंडांवर आयबुप्रोफेनचा घाला पडतो आणि पॅरासिटामॉल यकृताला व रक्ताला बाधतं.

माज थांबवण्यासाठी किंवा नको असलेल्या मिलनानंतर दिलेली हार्मोनची इंजेक्शनंही हा धोका वाढवतात. ती दिली असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका. दूध उतरलं म्हणून खोटी गर्भधारणा समजून गप्प बसू नका. तीही याच काळात होते. सोनोग्राफीत फरक कळतो.

ऑपरेशन लांबवणं

गर्भाशय आणि अंडाशय काढणं हाच खात्रीचा उपाय. आधी सलाइन, शिरेतून अँटिबायोटिक आणि रक्ततपासणी करून काही तासांत तिला ऑपरेशनसाठी सावरलं जातं. वयाची भीती समजण्यासारखी आहे, पण पू आत ठेवणं भुलीपेक्षा जास्त धोक्याचं. प्रोजेस्टेरॉनचा प्रभाव रोखणारी अ‍ॅग्लेप्रिस्टोनसारखी औषधं प्रामुख्याने गर्भाशयाचं तोंड उघडं असलेल्या, प्रकृतीने स्थिर आणि प्रजननासाठी ठेवलेल्या कुत्रीसाठी असतात. त्यानंतरही आजार उलटू शकतो.

फोन करताना माजाची तारीख, दिलेली इंजेक्शनं, पाण्याचं माप आणि शेवटचं जेवण कधी झालं ते सांगा. ऑपरेशननंतर 10 ते 14 दिवस, टाके चाटू नयेत म्हणून, गळ्यात शंकूसारखी कॉलर ठेवा, उड्या मारू देऊ नका. टाक्यांतून स्राव, पुन्हा उलट्या किंवा पांढुरक्या हिरड्या दिसल्या तर त्याच दिवशी दाखवा. नसबंदी झालेल्या कुत्रीत अंडाशयाचा तुकडा राहिला असेल, तर गर्भाशयाच्या उरलेल्या टोकात पू होऊ शकतो. तिला माजाची लक्षणं दिसली तर तपासून घ्या.

निरोगी कुत्रीची नसबंदी ठरवत असाल तर माजानंतर साधारण 2 ते 3 महिन्यांनी करा. तेव्हा गर्भाशयाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो आणि ऑपरेशन सोपं जातं.